मी कॅमेरा खाली ठेवला नाही

मित्रांनो, आज दुपारी कुडव्यात आमच्या फिल्म मंडळाने कॅनडाचे चार लघुपट दाखवले. एकात एक म्हातारा बर्फावर बसून नुसतं जाळं विणत असतो. निवेदन नाही, संगीत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. असेच लघुपट बघून मी शिकलो की आपण मधे पडायचं नाही, फक्त बघायचं.

शेवटी माझा सहा मिनिटांचा माहितीपट लागला. सालेकश्याच्या जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या सुकवारोबाई त्यात आहेत. त्यांना मीच कौतुकाने आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

पडद्यावर त्या घसरून पडल्या. टोपली उलटली. त्या पाय धरून कण्हत होत्या आणि माझा कॅमेरा जराही हलला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "वाह, क्या शॉट है!" टाळ्या पडल्या.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमी तं तिथंच उभे होते ना जी? मंग हात काऊन नाही देल्ला?"

"अरे बाई, पिक्चर ऐसेही बनती है," आमचे अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. बाई उठल्या आणि लंगडत बाहेर गेल्या. तेव्हाही मी खुर्चीतच होतो.

घरी येऊन तो प्रसंग काढून टाकायला बसलो. तीनदा पाहिला. शॉट खरंच चांगला आहे, म्हणून अजून काढलेला नाही.

तुम्ही काढला असता?