साइडकारमधून दवाखान्यात

डॉक्टरांनी काचेची बाटली खिडकीकडे धरली. आत माझ्या नवऱ्याची लघवी होती. पिकल्या जांभळाच्या रसासारखी, काळपट लाल.

"बाई, हा ब्लॅकवॉटर फीवर आहे," ते म्हणाले.

 माझ्या अंगावर सगळ्या रस्त्याची धूळ होती. फटफटीचं हँडल धरून धरून बोटं आखडली होती, मूठ उघडत नव्हती. तो शब्द मला कळला नाही, पण ते बोलताना बसले नाहीत, उभेच राहिले, एवढं कळलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हिवताप अंगात मुरला आणि त्यावर क्विनीन कधी घेतलं, कधी सोडलं, असं झालं की एखाद्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी एकदम फुटू लागतात. त्यांचा रंग लघवीत उतरतो. म्हणून ती काळी दिसते. रक्त कमी होतं, डोळे पिवळे होतात, आणि फुटलेल्या रक्ताने मूत्रपिंडं तुंबली तर लघवी बंद पडते. त्याला अनुरिया म्हणतात. "ते झालं तर माझ्या हातात फार काही नाही," असंही त्यांनी सांगितलं. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

तेव्हा कंपाउंडरने रोग्याचं नाव विचारलं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नसत. मी म्हटलं, "वासुदेव." सगळ्यांसमोर मी ते नाव पहिल्यांदा घेतलं.

आम्ही वडशाचे. वासुदेव धानाच्या गिरणीत इंजिन सांभाळायचे. त्यांच्याकडे महायुद्धाच्या कितीतरी आधीची एक फटफटी होती, साइडकार लावलेली. कोणाच्या तरी गोठ्यात गंजत पडलेली त्यांनी आणली आणि वर्षभर खपून चालती केली. त्या हिवाळ्यात नागपूर-चांद्याच्या हौशी लोकांनी जुन्या गाड्यांची ट्रायल ठरवली. चांद्याहून मूल, गडचिरोली, आष्टी करत जंगलातून सिरोंच्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. ती शर्यत नव्हती. ठरल्या वेळात, गाडी न मोडता, बैलगाडीच्या वाटांनी पोचायचं, एवढंच. साइडकारवाल्याला सोबती लागतो. वळणावर बाहेर वाकून वजन द्यावं लागतं. त्यांचा नेहमीचा सोबती ऐनवेळी आला नाही, म्हणून मी बसले. लोक हसले. मी पदर खोचला आणि बसले.

दिवाळीपासून त्यांना आलटून पालटून थंडी वाजून ताप येत होता. ताप आला की क्विनीन, उतरला की बंद. आमच्याकडे सगळेच असं करायचे. त्यात काही धोका असेल, हे कोणाच्या मनातही नव्हतं.

वैनगंगा आम्ही डोंग्यांवर फळ्या टाकून ओलांडली. गडचिरोलीचा मुक्काम बरा गेला. दुसऱ्या दिवशी आष्टी सोडल्यावर ते मधेच थांबले, झाडामागे गेले, आणि परत आले तेव्हा तोंड उतरलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा थांबले. ओकारी झाली, मग अशी थंडी भरली की फटफटीसकट हलत होते. मी डोळ्यांत पाहिलं. हळदीसारखे पिवळे.

"लघवी कशी होऊन राह्यली?" मी विचारलं.

त्यांनी तोंड फिरवलं. "लाल."

"कवापासून?"

"सकाळपासून. तुले सांगून काय होणार होतं?"

मागून करीमभाई आले. ते चांद्याचे लोहार, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारे. त्यांची फटफटी आमच्याहून जुनी, पण त्या ट्रायलमध्ये तोवर त्यांची एकही चूक निघाली नव्हती. त्यांनी यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बाई, पुढे आलापल्लीच्या वाटेवर दवाखाना हाय. मी जाऊन डॉक्टरले थांबवतो. तुमाले चालवता येते का?"

येत होतं, थोडंसं. गिरणीमागच्या पटांगणात यांनी गंमत म्हणून शिकवलं होतं. आता यांना साइडकारमध्ये बसवून लुगड्याने बांधलं आणि मी निघाले. चाकोऱ्यांत चाक अडकायचं, वाळूत गाडी एकीकडे ओढायची. प्रत्येक धक्क्याला ते कण्हायचे. मग कण्हणं थांबलं, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि एक पडवी. डॉक्टर म्हणाले, "आणलंत ते आणलंत. आता इथून हलवायचं नाही. उठवून बसवायचंसुद्धा नाही. या रोगात रोगी हलवला की हृदय दमतं आणि तो जातो." क्विनीन बंद झालं. शिरेतून ग्लुकोज सलाइन, म्हणजे साखर-मिठाचं पाणी, सुरू झालं. उकळून निववलेलं पाणी मी चमच्याने पाजायचं, आणि लघवी झाली की बाटलीत धरून दाखवायची. माझे दिवस त्या बाटलीभोवती फिरू लागले.

रक्त द्यावं लागेल असं ठरलं. आधी माझं तपासलं. काचेच्या पट्टीवर थेंबात थेंब मिसळून बघतात. रक्ताच्या गुठळ्या झाल्या तर जुळत नाही. माझं जुळलं नाही. करीमभाई तोवर पडवीत बसूनच होते. बाकीच्या फटफट्या केव्हाच सिरोंच्याकडे गेल्या होत्या. ते उठले आणि बाही वर केली.

"भाऊ, तुमची ट्रायल?" मी म्हटलं.

"ट्रायल पुढच्या सालीबी होईन. घ्या डॉक्टरसाब, पाहा."

त्यांचं जुळलं. रक्त देऊन झाल्यावर ते गेले नाहीत. विहिरीवरून पाणी आणत, चूल पेटवत, आणि मी काही खाल्लं नाही तर समोर बसून राहत.

मग निरोप मिळून माझे जेठ, यांचे थोरले भाऊ, आले, लाकडाच्या ट्रकवरून. भावाला बघून ते दारातच खाली बसले. थोड्या वेळाने उठून म्हणाले, "ट्रक उभा हाय. याले नागपूरले नेतो. इथी काय ठेवलं हाय?"

"डॉक्टर हलवू नका म्हणतात, भाऊजी."

"हा लहानसा दवाखाना. याले काय समजते? माहा भाऊ हाय तो."

मी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. पण खूप थकले होते, आणि थकलेल्या माणसाजवळ भिडेला जागा उरत नाही. मी दारात उभी राहिले. "मी नेऊ देत नाई."

"उद्या काही झालं तं जबाब कोण देईन?"

"मी देईन."

ट्रक गेला. जेठ थांबले. त्या दिवशी लघवी कमी होत गेली, आणि संध्याकाळपर्यंत बाटलीत तळाला थोडीशीच. मला वाटलं, आपणच मारलं यांना. नेलं असतं तर वाचले असते. जेठांनाही ती बाटली दिसत होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी मुकाट्याने माझ्या हातातला चमचा घेतला आणि भावाच्या ओठांना पाणी लावू लागले.

सकाळी बाटली अर्धी भरली. रंग काळ्या चहासारखा होता. डॉक्टर बराच वेळ बघत होते. "फिकी आहे," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. जेठ बाहेर गेले. पडवीच्या खांबाला धरून ते रडत होते, आणि करीमभाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

बरं होणं फार हळू झालं. अंगात रक्त नव्हतं. दोन पावलं चालले की धाप लागायची. वडशाला आलो तेव्हा शेतातलं लाखोळीचं पीक निघालं होतं, हिवाळा सरला होता. गिरणीत ते पुन्हा जाऊ लागले, पण लांबच्या वाटेला फटफटी काढायची नाही आणि क्विनीन आयुष्यात घ्यायचं नाही, अशा डॉक्टरांच्या दोन सक्त ताकिदी होत्या. त्या त्यांनी पाळल्या. पहिली चिडून, दुसरी घाबरून.

ज्यांच्या घरी असा ताप आहे त्यांना मी एवढंच सांगते. औषध आपल्या मनाने धरू-सोडू नका. माणसाला लघवीचा रंग विचारायला लाजू नका, आणि तो सांगत नसेल तर स्वतः बघा. डॉक्टर हलवू नका म्हणाले तर हलवू नका, मग घरचे कितीही मोठे असोत.

आणि सांभाळणाऱ्यालाही कोणीतरी सांभाळावं लागतं. हे मला उशिरा कळलं. घरी आल्यावर कित्येक दिवस मला झोप नव्हती. जरा डोळा लागला की दचकून उठायचे आणि यांच्या कपाळाला हात लावून पाहायचे. एका दुपारी अशीच उठले, तर ते माझ्या उशाशी बसलेले. उठून बसण्याएवढ्या श्रमानेही त्यांना घाम आला होता.

"काऊन उठले? पडून राहा न," मी म्हटलं.

त्यांनी माझं डोकं पुन्हा उशीवर टेकवलं. "तू झोप. आता मी बसून राह्यलो न."

त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत झोपले.