सासूबाईंच्या अंबाड्यातला मोगरा

मंडळी, सकाळपासून मला काही सुचत नाहीये.

दादरच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे छोटीशी बाग आहे. यंदा मोगरा नुसता लगडलाय. चहाचा कप घेऊन फेरी मारायला गेले, तर सासूबाई पाठमोऱ्या उभ्या. अंबाड्यात एक टपोरं फूल!

सासरे गेल्यापासून त्यांनी फूल माळलेलं नाही. घरात कुणी अडवलं नव्हतं, पण "माळा" असंही कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मला बघताच त्यांनी ते काढून पूजेच्या परडीत टाकलं. "देवासाठीच तोडत होते गं."

माळलेलं फूल देवाला चालत नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय. तरी मी नुसतं "हो आई" म्हटलं.

आता उद्या गजरा करून देऊ, की बागेत जरा उशिरा जाऊ?