पाकळीचा ल

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या पहिलीच्या बाईंचा. सीमेवरच्या आमच्या गावातल्या मराठी शाळेत त्यांनी माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. "ल ला पाकळ्या काढ, काठी नको. श ला देठ हवा." आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. पुढे बेंगळुरूच्या सरकारी प्रयोगशाळेत हस्ताक्षर तपासनिसाची नोकरी मिळाली, तीही त्या पाटीमुळेच, असं मी मानत आलो.

खटला बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातला होता. सुपरवायझरच्या टेबलावर मराठीत चिठ्ठी सापडली: 'शहाणा असशील तर लवकर निघ.' आठवड्याभरात त्याच्यावर चाकूहल्ला झाला. हल्लेखोराला कुणी पाहिलं नाही. आमच्याच भागातला एक मशीन ऑपरेटर पकडला गेला. त्याच्याविरुद्ध पुरावा एवढाच, ती चिठ्ठी. माझ्या वरिष्ठांनी अहवाल लिहिला: चिठ्ठीतले ल आणि श असामान्य, आरोपीच्या नमुन्याशी जुळणारे, सबब लिहिणारा तोच. खाली दुसरी सही माझी. वरिष्ठ हिंदी शाळेत शिकलेले. त्यांच्या ल ला काठी असते.

ते निवृत्त झाले, म्हणून साक्षीला मी गेलो. "आमच्या वेळी प्रयोगशाळेचा शिक्का बघूनच वकील खाली बसायचे," ते फोनवर म्हणाले. आता बसत नाहीत. आता आम्ही कसं तपासलं तेच आधी तपासतात.

आरोपीचा वकील पहिल्या प्रश्नापासून अंगावर आला.

"तज्ज्ञसाहेब, शाळेचं माध्यम कुठलं?"

"मराठी."

"उत्तम. हा कागद घ्या. चिठ्ठीतलं वाक्य लिहा. घाबरू नका, शुद्धलेखनाचे मार्क नाहीत!"

लोक हसले. मला राग आला, आणि त्या रागात मी अक्षर आणखीच वळणदार काढलं. त्यानं तो कागद चिठ्ठीशेजारी न्यायाधीशांपुढे ठेवला.

"महास्वामी, हा ल बघा. हा श बघा. अहवालाप्रमाणे दोन्ही असामान्य. म्हणजे धमकी यांनीच दिली!"

न्यायाधीश हसले नाहीत. "हे वळण किती जणांचं असतं?" त्यांनी मला विचारलं.

सरकारी वकील माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. आरोपी मात्र खाली बघत उभा होता.

"मराठी शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाचं."

"मग त्यावरून माणूस ओळखता येतो?"

"नाही."

"सरी, ठीक आहे," म्हणत त्यांनी लिहून घेतलं. आरोपीच्या वकिलानं सोडलं नाही. "सही करताना हे माहीत नव्हतं?"

ऑफिसात मी वर्षानुवर्षं इंग्रजीच लिहितो. 'असामान्य' हा शेरा वाचला तेव्हा ते माझंच अक्षर आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

"माहीत होतं. लक्ष दिलं नाही."

बाहेर सरकारी वकिलांनी गाठलंच. "पगार सरकारचा आणि साक्ष त्यांची! गाववाला म्हणून वाचवलंस काय रे?"

आरोपीची बायको भिंतीशी उभी होती. ती आभार मानायला येतेय असं मला वाटलं.

"एवढं बोलायला दहा म्हयनं लागलं व्हय, अण्णा?" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून गेली.

त्या रविवारी मी पत्र लिहिलं.

ती. बाईंना सा. नमस्कार.

तुम्ही शिकवलेलं अक्षर मी ओळखलं नाही. ते असामान्य आहे असं म्हणणाऱ्या कागदावर सही केली. त्यापायी एक माणूस दहा महिने तुरुंगात आहे. चाकू त्यानं मारला की नाही, मला माहीत नाही. निकाल लागायचा आहे. चिठ्ठीची पुन्हा तपासणी करू द्या, असा अर्ज मी दिलाय. ऑफिसात त्यावरून कुणी माझ्याशी धड बोलत नाही. एक काम आहे. शाळेत जाऊन चाळीस मुलांकडून 'शाळेला लवकर चला' एवढंच वाक्य लिहून घ्याल का? प्रत्येकानं आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहावं. तुम्ही सुधारू नका.