कशेळीचा हिरवा पडदा

सांगलीहून निघताना धाकट्या भावासाठी डब्यात बेसनाचे लाडू भरून घेतले. शेखर व्यावसायिक टेनिस खेळतो, आणि त्याचा एकही सामना मी आजवर पाहिलेला नव्हता. त्याच्या स्पर्धा लांबलांबच्या, आणि मी शिकवते त्या शाळेच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच. या वेळी मोसमातली शेवटची स्पर्धा, वर्षभरातल्या मोजक्या वरच्या खेळाडूंची, भिवंडीजवळ कशेळीला होती. तीही छपराखाली, एका नव्याकोऱ्या गोदामात. गुडघ्याने दगा दिल्यामुळे इथे हरला की तो खेळ सोडणार होता. हा सामना काही झालं तरी चुकवायचा नाही, असं बसमध्ये मी स्वतःला बजावत होते.

भिवंडीत उतरले तर गल्लोगल्ली कापड विणणाऱ्या लूमची खडखड. चहावाला ओरडून विचारतो, गिऱ्हाईक ओरडून सांगतं, आणि भांडण कुणाचंच नसतं. मला गाव आवडलं.

जवळच दिघाशीला माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा राहते. तिच्याकडे सामान टाकून लगेच निघायचं ठरलं होतं. पण तिने माझ्यासाठी मुद्दाम जिताडा (खाडीतला मानाचा मासा) आणवला होता.

"जेवल्याबिगर कशी जाशील गो? पाव्हणी उपाशी गेली तर लोकं काय बोलतील?"

शेखरचा सामना त्या दिवशीचा दुसरा होता आणि पहिला खूप लांबणार असं सगळेच म्हणत होते. मी बसले. तांदळाची भाकरी, लालभडक कालवण. वर आग्रह झाला तर पुन्हा वाढूनही घेतलं. मग कशेळीच्या रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली. रिक्षावाला म्हणाला, "टेन्शन मत लो मॅडम, हे रोजचंच हाय." त्याचं काय जात होतं!

गोदामाच्या दारात कळलं, पहिल्या सामन्यात एकाचा पाय मुरगळला आणि तो लवकर आटोपला. शेखरचा सामना संपत आला होता. आत जायच्या वाटेवर जाड हिरवा पडदा, आणि त्यापाशी इक्बालचाचा म्हणून एक म्हातारे गृहस्थ उभे.

"गेम चालू है ताई, अभी नहीं. खेळाडू बाजू बदलतील तेव्हा सोडतो." त्यांनी हे कुजबुजत सांगितलं, पण जन्म लूमवर गेलेल्या माणसाची कुजबुज ती! आतून कुणीतरी "शूऽऽ" केलं. चाचा ओशाळले. पडद्यावर हात फिरवत म्हणाले, "कपडा आपल्याच लूमचा हाय."

कपडा चांगला दाट होता. पलीकडचं काही म्हणजे काही दिसेना. बुटांची करकर ऐकू आली. चेंडू आपटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ शांतता, मग फटका. पुन्हा आपटणं, पुन्हा तशीच लांब शांतता. एकाएकी टाळ्यांचा कडकडाट झाला आणि चाचांनी पडदा सारला. उठलेल्या लोकांच्या डोक्यांवरून मला दिसला तो हरलेला शेखर, रॅकेट पिशवीत घालताना.

बाहेर आल्यावर त्याने घामेजल्या हातानेच लाडू घेतला.

"ताई, कुठे बसली होतीस? प्रत्येक सर्व्हिसच्या आधी वर बघून शोधत होतो तुला."

"होते रे मी, इथेच होते," म्हणत मी डबा त्याच्यापुढे केला.

परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही. सुनंदाला कोणत्या तोंडाने दोष देऊ? कालवण फार चांगलं झालं होतं. मला राहून राहून ती लांब शांतता आठवत होती. पडद्याअलीकडे उभी राहून मी ती कान देऊन ऐकली होती. तेवढा वेळ तो मला शोधत होता.