दुसऱ्याच्या हातचा सोलो

सगळे त्याला मुका म्हणायचे. बोलता येत नव्हतं म्हणून नव्हे, बोलायचा नाही म्हणून. कार्यक्रमात त्याच्या गिटारच्या सोलोची वेळ झाली की मागच्या रांगांतली पोरं ओरडायची, "मुका! मुका!" आणि पहिल्यांदाच आलेल्या बायका दचकून नवऱ्याकडे बघायच्या. तो नुसता हसायचा आणि गिटारचा आवाज वाढवायचा.

दिवसा तो फ्रिज दुरुस्त करायचा. कामात एका पंख्याच्या पात्यानं डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक नेलं होतं. ब्लूज-रॉक वाजवताना तार बोटानं ओढून सूर चढवावा लागतो. मुक्याची तार त्या बोटामुळे पुरती चढायचीच नाही, हव्या त्या सुराच्या जरा अलीकडे अडायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता याला रडू फुटणार, आता फुटणार. ते फुटायचं नाही, आणि लोक त्यासाठीच यायचे.

बँडमध्ये गायची त्याची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. वडील तेव्हापासून खिडकीशी बसले ते बसलेच. मुक्यानं तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले आणि ती रडायची थांबावी म्हणून गाणं शिकवलं. गाणी तोच लिहायचा. खरं सांगायचं तर ती यथातथाच होती. दारूचे ग्लास, लांबच लांब रस्ते, सोडून गेलेल्या बायका. हा गडी चहापलीकडे काही पीत नव्हता, आणि बायको सोडून जायला आधी ती यावी तर लागते!

"दादा, तुझ्या गाण्यातला हा माणूस आपल्या घरी कधी आलाच नाही रे," धाकटी म्हणायची.

"यमक जुळतंय ना?" तो म्हणायचा.

दोघांचा पहिला अल्बम निघाला त्या सकाळी तो वर्कशॉपमध्ये होता. मालकानं स्पीकर टेबलावर ठेवला, सगळ्यांना कामं थांबवायला लावली. चौथ्या गाण्यात सोलो सुरू झाला आणि मुक्याच्या हातातला पाना तसाच राहिला. तार सरळ वर गेली, नेमक्या सुरावर जाऊन थांबली. स्वच्छ, गुळगुळीत. स्टुडिओत त्यानं वाजवलं ते हे नव्हतं; हे त्याचं बोटच नव्हतं.

"काय वाजवलंयस लेका!" मालकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आजपर्यंतचं सगळ्यात भारी!"

"थँक्यू," मुका म्हणाला.

संध्याकाळी तो धाकटीकडे गेला. ती इस्त्री करत होती. त्याचा चेहरा बघून तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"कोणी वाजवलंय ते?"

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "निर्मात्याचा एक माणूस आहे. दादा, ते म्हणाले की तुझे सूर खाली राहतात. स्टेजवर चालतं, पण रेकॉर्डिंगमध्ये उघडं पडतं."

"किती गाण्यांत?"

"सगळ्या."

"तू होतीस तिथे? तो वाजवत होता तेव्हा?"

"होते," ती म्हणाली. "पण अल्बमवर गिटारवादक म्हणून नाव तुझंच ठेवलंय ना! त्यासाठी भांडले मी त्यांच्याशी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कळणार नाही असं वाटलं."

निर्मात्याचं तो समजू शकत होता. तो परका माणूस, त्याचा धंदा. पण जी पोर त्याच्या मांडीवर बसून त्याच तारांवर बोटं ठेवायला शिकली, तिला वाटलं की याला स्वतःचा हात ओळखता येणार नाही! कुणीतरी फाडकन तोंडात मारल्यासारखा तो जिना उतरला. बँड त्यानं दुसऱ्याच दिवशी सोडला.

खरा छळ पुढे झाला. अल्बम गाजला. किराणावाला, जुने मास्तर, ज्यांच्या घरी फ्रिज बघायला जाई ती माणसं, जो तो त्या सोलोचं कौतुक करायचा. दर वेळी मुका मान डोलवायचा. नाही म्हणावं तर बहिणीची अब्रू जायची, आणि हो म्हटलं की स्वतःची, स्वतःच्याच डोळ्यांसमोर. गिटारला हात लावणं त्याच्या जिवावर येऊ लागलं.

लिहायला बसला तो रागाच्या भरात. पाठीत सुरा, विषाचा प्याला, असलं बरंच काही लिहिलं आणि बँडमधल्या जुन्या ड्रमवाल्याला ऐकवलं. ड्रमवाला जांभई आवरत म्हणाला, "हे कुणाचंही असेल. तुझं काय झालं ते सांग."

"झालं काय? ती इस्त्री करत होती."

"मग तिथून सुरू कर."

तिथून गाणं सुरू झालं. इस्त्री, शर्टाची अर्धवट राहिलेली बाही, आणि 'तुला कळणार नाही असं वाटलं' हे धाकटीचं वाक्य जसंच्या तसं धृपदात. यमक कुठेच जुळत नव्हतं आणि पहिल्यांदाच त्याला त्याची फिकीर नव्हती. मग दुसरं गाणं आलं, त्या 'थँक्यू'वर. खोटं कौतुक पदरात पडलं तेव्हा क्षणभर गोड लागलं होतं, हेही त्यानं त्यात सांगून टाकलं. एक गाणं एका म्हातारीचं होतं. तिच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटलीपलीकडे काही नव्हतं, तरी तिला तो आजच सुरू करून हवा होता, कारण त्याची घरघर थांबली की घरात फार शांत वाटायचं.

अल्बम त्यानं वर्कशॉपच्या मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, सुट्टीच्या दिवशी रेकॉर्ड केला. गायलाही स्वतःच. आवाज खरखरीत, तारा पुन्हा सुराच्या अलीकडे अडणाऱ्या. ड्रमवाल्यानं एकही जागा दुरुस्त करू दिली नाही.

अल्बम आल्यावर काही आठवड्यांनी धाकटी आली. वर्कशॉपच्या दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"घरातलं बोलणं चव्हाट्यावर मांडलंस?"

"तुझं नाव कुठे घेतलंय?"

"माझं वाक्य आहे ते! लोक कार्यक्रमात मला ओरडून म्हणून दाखवतात. मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"नाही."

"मग तू माझ्यापेक्षा वेगळं काय केलंस?"

मुक्यानं हातातला पाना टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मी तिथे माझंच बोट लावलंय. खोटं काही नाही त्यात."

"खरंय म्हणून लागत नाही असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "ती ओळ काढ, दादा."

"ती काढली तर गाणंच राहत नाही."

ती रडली नाही. ओढणी सावरून निघून गेली. तो दारापर्यंत गेला, हाक मारायला तोंड उघडलं, पण ती वळून बघेना.

आता लहान सभागृहांतून त्याचे कार्यक्रम होतात. म्हातारीचं गाणं सुरू झालं की माणसं खुर्चीत पुढे सरकून ऐकतात. धाकटीचं नावही वाढलंय. तिच्या बँडमध्ये आता तो गुळगुळीत वाजवणारा माणूस उघडपणे, स्वतःच्या नावानं असतो. भाऊबहिणीत अबोला नाही. वडिलांना डॉक्टरकडे कुणी न्यायचं, त्यांच्या गुडघ्याचा पट्टा कुठे ठेवलाय, एवढं दोघं फोनवर बोलतात. मग ती विचारते, "अजून काही?"

तो म्हणतो, "नाही, ठेव."