सरूमावशी विहिरीत उतरल्या

गेल्या बुधवारी मी घरात बसून एका कागदावर सही केली आणि चांगलाच पकडला गेलो.

आमचं गाव उदगीरकडचं. तीन वर्षं धड पाऊस नाही. ख्रिस्ती वस्तीची एकच विहीर, जुनी, पायऱ्यांची. ती आटली म्हणून टँकर हवा होता, आणि टँकरसाठी विहीर कोरडी असल्याचा पंचनामा.

ग्रामसेवक कागद घेऊन घरीच आले. "नव्या जिल्ह्याचं भाषण लई गाजलं सर तुमचं. पंच म्हणून हितं खाली सही मारा, तहसीलला आजच द्यायचंय." मारली. पंचानं आधी जाऊन बघायचं असतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही...

तुमच्यापैकी बरेच जण मला भाषणांमुळेच ओळखतात. नवा जिल्हा झाला पाहिजे म्हणून चौकात तास-तास बोललोय. तीस वर्षं दर रविवारी आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत संदेश दिलाय. शब्दांची टंचाई मला कधी पडली नाही.

पण दिवाळीनंतर माझी बायको गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिनं विचारलं, "नक्की हाय ना हो, तुम्ही रविवारी सांगता ते?" मी हो म्हणालो. आवाजात दम नव्हता, आणि चौतीस वर्षं तो आवाज ऐकलेल्या बाईला ते कळलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं... पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी स्वतःच्या मनात डोकावत होतो. देव जवळ असल्याची काही खूण, काही ऊब... काहीच नाही. पावसासाठी प्रार्थना करणंही मंडळीनं सोडलं होतं. अर्धी माणसं पुण्याकडे कामाला निघून गेली होती. मी ठरवलं, येत्या रविवारी उभं राहायचं आणि सांगून टाकायचं की इथून पुढे संदेश देणार नाही. ज्याची मलाच खात्री नाही, ते लोकांना कोणत्या तोंडानं सांगू?

तर, त्या पंचनाम्यावर दुसऱ्या पंच होत्या सरूमावशी. सत्तरीच्या, विधवा, जन्मभर मजुरी केलेल्या, मंडळीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या. मी सांगितलं तर ऐकतील म्हणून ग्रामसेवकांनी मला गाडीवर बसवून त्यांच्याकडे नेलं. शाईचा पॅड पुढे केला, तर मावशींनी हात पदराखाली घेतला.

"म्या बघितल्याबिगर अंगठा देत न्हाई."

"मावशी, सरांनी सही केलीय की."

"गुरुजी उतरले व्हते का आत?"

ग्रामसेवक माझ्याकडे बघायला लागले. मी माझ्या चपलांकडे.

विहिरीवर गेलो तिघं. काठावरून वाकलो, खाली नुसता अंधार. तरी सवयीनं बोलून गेलो, "कोरडीच आहे, मावशी."

"हितनं दिसतंय व्हय? लई तेज डोळे हायेत गुरुजी तुमचे." त्यांनी पदर खोचला आणि उतरायला लागल्या. खालच्या पायऱ्या तुटलेल्या. मी गुडघ्याचं निमित्त सांगून वरच थांबलो... किती वेळ गेला कोण जाणे, खालून आवाजही येईना.

वर आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. मूठ उघडून दाखवली. वाळकी माती, त्यात गोगलगायीचे दोन रिकामे शंख. "झऱ्याच्या तोंडात कोपरापतूर हात घातला. वल न्हाई." मग हात पुसला आणि अंगठा दिला.

ग्रामसेवक कागद घेऊन गेले. मावशी काठावर बसल्या, आणि मला काय झालं कोण जाणे, रविवारचं सगळं त्यांना सांगून टाकलं. म्हणालो, "मावशी, मी मनात बघतो आणि तिथं काही नसतं."

"मनात कशाला बघत बसलाय?" त्या दम खात म्हणाल्या. "जे येशूसंगं राहिले, जेवले, त्याला मेल्यावर उठलेला बघितला, हात लावला त्याला... ते सांगून गेले ना आपल्याला. आता म्या खाली जाऊन आले. तुम्ही वरच व्हता. हीर कोरडी हाय, खात्री हाय का न्हाई तुम्हाला?"

"आहे."

"कशावरनं? मनाला वाटतंय म्हणून?"



प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या त्या पहिल्या शिष्यांच्या, साक्षीवर मी कपाटभर पुस्तकं वाचलीत. आम्ही ऐकलं, पाहिलं, हाताळलं, आणि तुम्हीही आमच्याबरोबर देवाच्या सहवासात यावं म्हणून सांगतोय, हे त्यांचं म्हणणं मी किती वेळा समजावून सांगितलंय. मार खाल्ला, तुरुंग सोसला, पण त्यांनी शब्द फिरवला नाही. आणि मी खात्री शोधत बसलो माझ्या मनाच्या हवामानात...

बायकोला हेच सांगायला हवं होतं. मला वाटतं म्हणून नव्हे, त्यांनी पाहिलं म्हणून नक्की. नाही सांगितलं. ते दुःख हलकं झालेलं नाही, होईल असं वाटतही नाही.

रविवारी सात माणसं होती. मी उभा राहिलो. म्हणालो, मी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर सध्या मला काही जाणवतही नाही. ज्यांनी पाहिलं त्यांची बायबलमधली साक्ष तेवढी वाचतो. वाचताना आवाज दोनदा तुटला. दहा मिनिटांत संपलं.

"आज लवकर आटपलं, बरं झालं," मावशी बाहेर पडता पडता म्हणाल्या. टँकर अजून आलेला नाही, त्यांना पाणी आणायला पलीकडच्या वस्तीवर जायचं होतं. मी त्यांची एक घागर घेतली आणि बरोबर निघालो.

मन अजून तसंच आहे. पण हात लावून आलेल्या माणसांच्या शब्दावर मी उभा आहे, आणि त्या शब्दावर आणखी कोणीतरी माझ्या शेजारी उभं आहे. सध्या माझ्याकडे एवढंच आहे, आणि एवढ्यासाठी सरूमावशींचा मी ऋणी आहे.