सेकंडहँड बाईक बघायला गेलो आणि इंजिन गरम निघालं

मित्रांनो, सेकंडहँड बाईक बघायची तर इंजिन थंड असतानाच बघ, हे तुम्हीच मला या कम्युनिटीवर सांगितलं होतं. गरम लागलं तर समजायचं, थंड गाडी पटकन चालू होत नाही आणि मालक ते लपवतोय.

आज सकाळी इंद्रलोक सोसायटीत एक बाईक बघायला गेलो. मालक म्हणजे साठीचे एक काका. टायर, चेन, सगळं व्यवस्थित होतं. इंजिनला हात लावला तर चटका बसला.

मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काका, मी यायच्या आधीच चालू करून ठेवलीत?"

"मी नाही, हिने केली." काकांनी वर बघितलं. खिडकीत काकू उभ्या होत्या. "गाडी आमच्या मुलाची. गेल्या वर्षी काविळीने गेला तो. तेव्हापासून ही रोज सकाळी खाली येते, गाडी चालू करते आणि नुसती बाजूला उभी राहते. तिला चालवता येत नाही. मला बघवत नाही, म्हणून विकतोय."

तेवढ्यात काकू खाली आल्या. सीटवरून हात फिरवत म्हणाल्या, "आजच नेणार का रे?"

"नाही काकू," एवढंच म्हणालो आणि रिक्षा पकडून घरी आलो.

आत्ता काकांचा फोन आला होता. "घेऊन जा बाळा. त्याशिवाय ती सावरायची नाही."

गाडी चांगली आहे, मला हवीही आहे. पण उद्या सकाळी काकू खाली उतरल्या आणि गाडी जागेवर नसली, तर? तुम्ही काय केलं असतं?